जया आणि तिरकी बसलेली काच

दहिसर पूर्वेला कुणालाही विचारा, बायकांना गाडी शिकवणारी जया कुठे राहते, तर पत्ता सांगायच्या आधी माणूस हसतो. त्याची बायको, वहिनी, नाहीतर सासू कधी ना कधी जयाच्या हाताखालून गेलेली असते आणि तिनं घरी येऊन ऐकवलेलं सगळं त्याला पाठ झालेलं असतं. ‘काय दिसतंय ते बोला!’ हे तर आख्ख्या चाळीला पाठ आहे.

कारण जयाची शिकवायची पद्धतच तशी. पहिला आठवडा ती स्टिअरिंगला हात लावू देत नाही. स्वतः चालवते, शिकणारीला शेजारी बसवते आणि दिसेल ते मोठ्यानं बोलायला लावते. “रिक्षा... कुत्रं... भाजीची गाडी... एक काकू फोनवर...” असं बोलत बोलत बाई चेक नाक्यापर्यंत जाते नि परत येते. सुरुवातीला लाज वाटते. चौथ्या दिवशी तीच बाई स्वयंपाकघरात ‘दूध उतू जातंय... झुरळ...’ असं बोलायला लागते आणि घरचे घाबरतात. जया म्हणते, “तोंडानं बोललं की डोळ्याला बघावंच लागतं. नुसतं बघायला सांगितलं तर डोळा भलतीकडेच फिरतो.”

जया वानखडे मूळची भांडुपची. वडील, भाऊराव, हिंगोलीकडून येऊन इथे कारखान्यात लागले. घरात वाहन म्हणजे एक सायकल, आणि तिच्या सीटवर भाऊरावांनी मुलींना कधी बसू दिलं नाही, पडाल म्हणून. लग्न होऊन जया दहिसरला आली ती मोटार ट्रेनिंग स्कूलवाल्याच्याच घरात, आणि गाडी तिथेच शिकली. नवरा कुंडलिक दिवसभर शेजारच्या सीटवर बसून शिकणाऱ्यांच्या नावानं ब्रेक मारायचा. बारा वर्षांनी त्याच्या कमरेचा मणका सरकला आणि डॉक्टरांनी ते बसणं बंद केलं. गाडी दारात, पाटी दारावर, आणि पाटीवरचा माणूस घरात. तेव्हा जयानं चावी उचलली.

पहिल्याच दिवशी एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. इकडेतिकडे बघून म्हणाले, “सर कुठायत?”

“सर घरी वरणाला फोडणी देतायत,” जया म्हणाली. “तुम्ही मागे बसा. वहिनी पुढे.”

त्याला आता सात वर्षं झाली. कुंडलिकचं वरण तेव्हापासून सुधारत गेलं, असं जयाच म्हणते.

स्वभाव तिचा फटकळ, पण कुणाच्या श्रद्धेला ती हात लावत नाही. स्वतः सकाळी घरातल्या बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावते, दोन मिनिटं डोळे मिटते आणि निघते. शिकायला येणाऱ्या बायका पहिल्या दिवशी गाडीची पूजा करतात. कुणी बॉनेटवर झेंडूचा हार घालतं, कुणी दारांवर अक्षता टाकतं, फ्लेविया म्हणून एक मुलगी होती तिच्या आईनं चर्चमधून आणलेलं पवित्र पाणी शिंपडलं होतं. जया बाजूला उभी राहते, ओढणी खोचून नारळ फोडायलाही मदत करते. नियम एकच. “जे काय करायचं ते बाहेरून. आत तुम्ही, मी आणि क्लच. चौथं कुणी नको.”

या नियमालाही कारण आहे. एका बाईनं आरशाला छोटा गणपती लटकवला होता. वळणावर तो फारच हलायला लागला म्हणून ती त्याच्याकडे बघत राहिली आणि गाडी दुधाच्या क्रेटच्या चळतीत गेली. तेव्हापासून जयाच्या गाडीत देव नाहीत, फुलं नाहीत, वाऱ्यानं मान हलवणारं कुत्रंसुद्धा नाही.

आता उत्तराताईंबद्दल सांगायला हवं, कारण हा सगळा प्रकार त्यांच्यामुळे झाला.

उत्तरा चौबळ, वय सत्तावन्न. गोरीपान, बारीक, बोलणं इतकं हळू की गाडी बंद केल्यावरच ऐकू यायचं. यजमान श्यामसुंदर बँकेतून निवृत्त. दर पौर्णिमेला दोघं त्यांच्या गाडीनं वज्रेश्वरीला जायचे. पहाटे निघायचं, देवीची ओटी भरायची, येताना रस्त्यात वांगी नि वाल घ्यायचे. वर्षानुवर्षांचा नेम. मग श्यामसुंदरांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला त्रास झाला आणि डॉक्टरांनी चालवणं कायमचं बंद केलं. गाडी सोसायटीत झाकून ठेवली, नेम खंडला. दोघं एकदा भाड्याच्या गाडीनं जाऊन आले. पण ड्रायव्हरनं वाटेत तीनदा घड्याळ बघितलं आणि उत्तराताईंना ओटी भरताना सारखं तेच आठवत राहिलं.

म्हणून त्या जयाकडे आल्या. म्हणाल्या, “मला फक्त वज्रेश्वरीपर्यंत यायला हवी गाडी. बाकी कुठे जायचं नाही.”

“गाडीला कुठे माहीत असतं तुम्ही कुठवर शिकलात ते?” जया म्हणाली. “बसा.”

चार महिने शिकल्या. जयाच्या घरापासून नाक्यापर्यंत छान चालवायच्या, पण परीक्षेच्या मैदानात गेलं की हातपाय थरथरायचे. पहिल्या वेळी चढावर गाडी तीनदा बंद पडली. दुसऱ्या वेळी सगळं नीट झालं आणि शेवटी आरटीओच्या साहेबांनी हाताच्या खुणा दाखवायला सांगितल्या. डावीकडे वळायचं, तर हात बाहेर काढून गोल फिरवायचा. उत्तराताईंनी घाबरून हात सरळ वर केला, म्हणजे थांबायची खूण केली, आणि गाडी मात्र चालवतच राहिल्या. साहेब म्हणाले, “बाई, पुढच्या वेळी हात शिकून या.”

आता ही तिसरी वेळ. शिकाऊ लायसन्सची मुदत शनिवारी संपत होती आणि परीक्षा शुक्रवारी अकरा वाजता. नापास झाल्या तर पुन्हा अर्जापासून सुरुवात, पुन्हा महिन्याभराची वाट. आणि उत्तराताईंनी घरी सांगून टाकलं होतं की या खेपेला नाही जमलं तर पुरे, गाडी विकून टाकू. श्यामसुंदरांनी एक गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. तो रविवारी सकाळी गाडी न्यायला येणार होता.

शुक्रवारी साडेआठला जयानं त्यांना शेवटचा सराव द्यायला घेतलं. आदल्या दोन दिवसांत नुसते हातच करून घेतले होते.

“उजवीकडे!”

उत्तराताईंचा हात खिडकीतून सरळ बाहेर.

“डावीकडे!”

हात बाहेर जाऊन गोल गोल. हातातल्या हिरव्या बांगड्या छान वाजल्या.

“झकास! आता हळू! आता थांबा! बघा, येतंय की सगळं. मैदानात काय होतं तुम्हाला?”

“साहेबांकडे बघितलं की होतं.”

“मग बघू नका ना. लग्न नाही करायचंय त्यांच्याशी.”

उत्तराताई हसल्या, आणि तेवढ्यात समोरून सिमेंटचा मिक्सर धूळ उडवत आला. “काच घ्या वर,” जया म्हणाली. उत्तराताईंनी बटण ओढलं. दारातून आधी खर्र झालं, मग कडाक्कन काहीतरी मोडल्यासारखा आवाज, आणि काच थांबली. नुसती थांबली नाही. मागचा कोपरा वर गेला, पुढचा खालीच राहिला आणि रुसलेल्या व्याह्यासारखी ती मान वाकडी करून बसली. वर खिडकीच्या पुढच्या कोपऱ्यात तेवढी एक तिकोनी फट उरली. तिच्यातून तळवा बाहेर जात होता, कोपर जात नव्हतं.

जयानं बटण दाबून बघितलं. आत मोटर घरघरली, काच जागची हलली नाही.

“वाट लागली,” ती म्हणाली.

उत्तराताईंचा चेहरा पांढराफटक. “माझ्यामुळे झालं का?”

“बटण दाबून काच मोडत नसते हो. गाडी जुनी झालीय.” असं म्हणत जयानं घड्याळ बघितलं. पावणेनऊ. दुसऱ्या स्कूलची गाडी मागता आली असती, पण या गाडीचा क्लच नेमका कुठे धरतो हे कळायला उत्तराताईंना चार महिने लागले होते. परक्या गाडीत त्या फाटकातच बंद पडल्या असत्या. आणि या गाडीत हात बाहेर निघत नव्हता, म्हणजे ज्या खुणांवर मागच्या वेळी घोडं अडलं त्याच दाखवता येणार नव्हत्या.

तिनं गाडी पिठाच्या गिरणीमागच्या गल्लीत घेतली आणि गिल्बर्टला फोन लावला. गिल्बर्ट हा दारं, काचा, कुलपं दुरुस्त करणारा मेकॅनिक. जयाच्या गाडीची नाडी त्यालाच ठाऊक. फोन उचलला तसा पलीकडून बँडचा आवाज आला.

“जया, मी उत्तनला हाय गं! मावसभावाचं लग्न! संध्याकाळी ये गॅरेजवर!”

“संध्याकाळी काय लोणचं घालू? अकराला परीक्षा आहे. ड्रायव्हरकडची काच तिरकी अडकलीय.”

“बटण दाबल्यावर मोटर फिरते?”

“फिरते. काच नाय हलत.”

“मग ती रुळावरून उतरली. वायर तुटली नाय, नशीब. व्हिडिओ लाव. पण मी सांगेन तेवढंच करायचं. तुझं डोकं नाय चालवायचं.”

“बरं रे बाबा.”

जयानं आजवर बायकांना टायर बदलायला शिकवलं होतं, दार मात्र तिनं कधी उघडलं नव्हतं. तिनं डिकीतून कुंडलिकची हत्यारांची पिशवी काढली आणि फोन उत्तराताईंच्या हातात दिला. स्क्रीनवर गिल्बर्ट कोटात, छातीला पांढरं फूल लावून, कुठल्याशा भिंतीआड उभा होता.

“हँडलच्या मागे एक स्क्रू हाय. हात धरायच्या खाचेत दुसरा. दोन्ही काढ. आता दाराचं आतलं कव्हर खालून उचकट. थांब, थांब! स्क्रूड्रायव्हरनं नको, टवके उडतील. लाकडाचं, प्लॅस्टिकचं कायतरी घे.”

समोरच्या चाळीत पहिल्या मजल्यावर रतनबाई केव्हाच्या खिडकीत उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, “काय पाहिजे गं जया? कालथा चालेल? नॉनस्टिकचा आहे, लाकडी.” आणि जयाच्या होकाराची वाट न बघता त्यांनी कालथा खाली टाकला.

कालथा घालून जयानं कव्हर उचकटलं. टक, टक, टक करत आतल्या क्लिपा सुटल्या. बटणाची वायर सोडवून कव्हर बाजूला ठेवलं, त्यामागचा चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद सोलला, आणि दाराचं पोट उघडं पडलं.

“बॅटरी मार आत. काय दिसतंय?” गिल्बर्ट म्हणाला.

आता जयालाच कुणीतरी ते विचारलं होतं. तिनं बॅटरी मारली आणि बघतच राहिली.

“तांदूळ,” ती म्हणाली.

“काय?”

“तांदूळ दिसतायत. पिवळे. झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. एक... मरियामातेचं पदक आहे, छोटं. उदबत्तीची काडी. परत तांदूळ.”

सात वर्षांत दाराबाहेरून ज्या ज्या बाईनं जे जे उधळलं होतं, त्यातलं काचेच्या फटीतून आत गळलेलं सगळं दाराच्या तळाशी साठलं होतं. वर रतनबाई म्हणाल्या, “अगंबाई, देव्हाराच की!” आणि फोनमधला गिल्बर्ट इतका हसला की त्याला बघायला दोन करवल्या आल्या.

“ते सगळं खालीच राहू दे, त्यानं काय होत नाय,” तो म्हणाला. “रूळ बघ. काचेच्या खाली उभी पट्टी दिसेल, तिच्यावर एक सरकता गुटका असतो. त्या गुटक्यावर काच बसते. गुटका कुठाय?”

जयानं बॅटरी फिरवली. गुटका पट्टीतून निसटून लोंबत होता. आणि तो जिथे असायला हवा तिथे, पट्टीच्या खाचेत, पिवळंजर्द काहीतरी पाचरीसारखं रुतून बसलं होतं. तिनं पकडीनं धरून ते ओढलं. दुसऱ्या झटक्याला निघालं. बोटाएवढं हळकुंड. जुनं, वाळकं नव्हतं. नवीकोरी पिवळी धमक झळाळी, आणि त्याला कुंकवाचं बोट.

“हे कुणी टाकलं?” जया म्हणाली.

फोन हलायला लागला म्हणून गिल्बर्ट ओरडला, “अरे, मला आभाळ का दाखवताय?”

जयानं वळून बघितलं. उत्तराताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“मंगळवारी इथल्याच देवळात ओटी भरली देवीची,” त्या म्हणाल्या. “गुरुजींनी त्यातलंच प्रसाद म्हणून परत दिलं. म्हटलं, शुक्रवारपर्यंत गाडीतच असू दे. पण तुम्ही आत काही ठेवू देत नाही. म्हणून काल तुम्ही पाणी प्यायला उतरलात ना, तेव्हा काचेच्या फटीतून ढकललं आत. मला वाटलं, दारात राहील. दिसणार नाही, लटकणारही नाही.”

“घट्ट गेलं असेल.”

“हो. कंगव्याच्या टोकानं ढकललं.”

वर रतनबाईंनी तोंडाला पदर लावला. जयाचा राग अगदी ओठापर्यंत आला होता. तिनं उत्तराताईंकडे बघितलं, हळकुंडाकडे बघितलं, आणि ते आपल्या ओढणीला पुसून त्यांच्या पर्समध्ये टाकलं.

“देवीला अशी दारात चेंगरून ठेवतात का हो? ती घुसमटली असेल. पर्समध्ये ठेवा, तिथे वारा लागतो. आणि रडायचं असेल तर साडेअकराला रडा. आत्ता तुमचे हात हवेत मला.”

“माझे?”

“काच कोण धरणार? रतनबाई खिडकीतून धरणार?”

मग खरं काम सुरू झालं. गिल्बर्ट सांगत होता, मधूनच कुणी त्याला ओढून न्यायला येत होतं आणि तो “पाच मिनटं, पाच मिनटं” म्हणत होता. फोन रतनबाईंनी खाली येऊन धरला. दहा नंबरच्या पान्यानं जयानं काच धरून ठेवणारे दोन बोल्ट ढिले केले. आता काचेला आधार फक्त उत्तराताईंचा. त्यांनी दोन्ही तळवे आतून-बाहेरून काचेला लावले आणि ती हलकेच सरळ करून वर उचलली.

“सोडू नका हां बाई,” गिल्बर्ट म्हणाला. “पडली तर फुटेल, आणि दुसरी यायला सोमवार उजाडेल.”

“नाही सोडणार,” उत्तराताई म्हणाल्या.

जयानं ‘L’ची पाटी चिकटवायची रुंद चिकटपट्टी काचेवरून दाराच्या वरच्या चौकटीला लावून बघितली, पण धुळीमुळे ती धरत नव्हती. म्हणजे हातच. तिनं आत हात घातला, गुटका चाचपला, पट्टीत बसवायला गेली, निसटला. परत बसवला, परत निसटला. गुटक्याचा एक कान मोडलेला होता, तो मघाचा कडाक्कन आवाज त्याचाच. पत्र्याच्या कडेनं मनगटावर ओरखडा उठला. दहा मिनिटं गेली. पंधरा. गिल्बर्ट म्हणाला, “खालच्या टोकानं घाल, वरनं नको. दाबून नको, सरकव. बाळाला झबल्यात घालताना हात कसा घालतेस, तसा.”

सरकवला. टक्. बसला.

तेव्हा जयाच्या लक्षात आलं की इतका वेळ काच तसूभरही हललेली नाही. तिनं वर बघितलं. उत्तराताई शांत उभ्या होत्या, घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत आलेला, पण हात दगडासारखे स्थिर.

“उत्तराताई, हात थरथरत नाहीयेत तुमचे.”

“काच आहे ना. थरथरून कसं चालेल?”

“मग मैदानात स्टिअरिंग काय कापसाचं असतं?”

जयानं काच हळूच खाली घ्यायला लावली, रबराच्या खाचेत पुढून-मागून नीट बसवली, बोल्ट आवळले, बटणाची वायर तात्पुरती जोडली. “बोटं बाहेर,” असं दोनदा बजावून तिनं बटण ओढलं. काच कुरकुर न करता, सरळ, वरपर्यंत गेली. रतनबाईंनी टाळ्या वाजवल्या. उत्तनला करवल्यांनीपण वाजवल्या.

“ऐक,” गिल्बर्ट म्हणाला. “गुटक्याचा एक कान मोडलाय. उद्या नवा घालतो. आज काच अर्ध्याच्या खाली नाय न्यायची. अर्ध्यावर बटण सोडायचं. खाली गेली तर परत उतरेल. आणि बाई, पास व्हा हां! इथे माझा केक कापायचा राहिलाय!”

कव्हर बसवून मैदानावर पोचेपर्यंत पावणेअकरा झाले. रस्ताभर उत्तराताई एकच वाक्य म्हणत होत्या, “अर्ध्यावर सोडायचं, अर्ध्यावर सोडायचं.”

मैदानात शिकवणाऱ्यांना गाडीत बसू देत नाहीत. जया पिवळ्या रेघेच्या अलीकडे, इतर स्कूलवाल्यांबरोबर उभी राहिली. साहेब गाडीत शेजारी बसले. तेच, मागच्या वेळचे. जयाला आतलं काही ऐकू येत नव्हतं, नुसतं दिसत होतं.

गाडी सुटली. बंद न पडता सुटली. जया पुटपुटली, “हं.”

आठाचा आकडा झाला. दुसऱ्या वळणावर उत्तराताईंचे ओठ हलताना दिसले. त्या बोलत होत्या, ‘डावा दगड... उजवा दगड... समोर मोटारसायकल...’ साहेबांनी त्यांच्याकडे वळून बघितलं. उत्तराताईंनी साहेबांकडे बघितलं नाही. चढावर गाडी अर्धा हात मागे गेली, थांबली आणि वर चढली. जयाचा उजवा पाय जमिनीवरच ब्रेक दाबत होता. शेजारचा स्कूलवाला म्हणाला, “मॅडम, खड्डा पडेल.”

“तू गप रे.”

मग गाडी सरळ पट्ट्यावर आली आणि काच खाली यायला लागली. पाव. अर्धी. थांबली. बरोबर अर्ध्यावर. जयानं श्वास सोडला, तेवढ्यात साहेबांनी हातानं खूण केली, अजून खाली. उत्तराताईंना कुणाला नाही म्हणता येत नव्हतं. दारावर आलेल्या प्रत्येक विक्रेत्याकडून त्यांनी अगरबत्ती घेतलेली होती.

उत्तराताईंनी मान हलवली. नाही. साहेब काहीतरी बोलले. त्यांनी पुन्हा मान हलवली आणि काहीतरी बोलल्या. साहेबांनी खिडकीकडे बोट केलं.

आणि अर्ध्या काचेवरून हात बाहेर आला. कोपर उचलून, काचेला न टेकवता. सरळ, तळवा पुढे. उजवीकडे. गाडी उजवीकडे वळली. मग हात गोल गोल फिरला. जया नकळत मोठ्यानं म्हणाली, “डावीकडे!” गाडी डावीकडे वळली. मग हात खाली-वर. हळू. मग हात ताठ वर, हिरव्या बांगड्या कोपरापाशी घसरलेल्या. आणि या वेळी गाडी थांबलीसुद्धा.

रेघेवर सगळीकडे गाड्या होत्या, हॉर्न वाजत होते, तरी जयाला तिथे फार शांत वाटलं.

साहेब उतरले, कागदावर सही केली आणि पुढच्या गाडीकडे गेले. उत्तराताई उतरल्याच नाहीत. जया धावत गेली.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, काच पूर्ण खाली करा. मी म्हटलं, होत नाही, सकाळीच दुरुस्त केलीय. म्हणाले, कुणी केली? म्हटलं, आम्हीच. मग म्हणाले, दाखवा हात.”

“अहो पण नंतर! सही केल्यावर काय म्हणाले?”

उत्तराताईंनी कागद पुढे केला. जयानं वाचला. पुन्हा वाचला. मग बाईंच्या डोक्यावर हात ठेवून, आपल्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या बाईच्या, तिनं केस विस्कटून टाकले. उत्तराताई आता रडल्या. साडेअकरा वाजलेच होते.

मग त्यांनी फोन काढला आणि तिथेच, गाडीतूनच, घरी लावला. फोन स्पीकरवर होता.

“अहो, ऐकताय ना? त्या रविवारच्या माणसाला येऊ नका म्हणावं.”

पलीकडून श्यामसुंदरांचा घसा खाकरल्याचा आवाज आला. “पास झालीस?”

“झाले.”

“पौर्णिमा मंगळवारी आहे,” ते म्हणाले. आणि मग लगेच बँकेतल्या आवाजात, “पण गाडी सहा महिने उभी आहे गं. बॅटरी उतरलीय. मी परवा चावी फिरवून बघितली, दिवासुद्धा लागला नाही.”

उत्तराताईंनी घाबरून जयाकडे बघितलं.

“जोडायच्या तारा आहेत माझ्या डिकीत,” जया फोनकडे वाकून म्हणाली. “काका, गाडीवरचं कव्हर काढून ठेवा, आम्ही येतोय.” आणि ती वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसली. “चला उत्तराताई, घ्या. तुमच्या घरचा रस्ता मला नीटसा माहीत नाही. काय दिसतंय ते बोला.”